आठवड्याची सुई

“यातलं कुठलं घेतलं म्हणजे मळमळत नाही, तेवढं सांगा. बाकी वजनाचं माझं मी बघते,” सासूबाई म्हणाल्या.

“तुमचं तुम्ही बघितलं असतंत, तर आज माझ्यासमोर कशाला बसला असतात?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

मला हसू आलं नाही. टेबलावर वजन उतरवायच्या इंजेक्शनची तीन पेनं मांडलेली होती, नुसती दाखवायची, रिकामी. माझ्या मांडीवरची लेक त्यातल्या निळ्या पेनाकडे झेपावत होती. एका हाताने तिला आवरत मी विचारत होते, कुठलं किती दिवसांनी घ्यायचं, कुठल्याने पित्ताशयात खडे होतात, कुणाचं पोट बिघडतं. आदल्या दिवशी मी तिन्हींची माहितीपत्रकं वाचून काढली होती. बारीक टायपात लिहिलेलं सगळं आपल्यासाठीच लिहिलेलं आहे असं मला वाटतं. नवरा म्हणतो, तू औषध वाचतेस आणि दुखणं तुला होतं.

डॉक्टरीणबाईंनी एकेक पेन हातात घेऊन समजावलं. हे पहिलं रोज टोचायचं, जुनं आहे, वजन उतरतं पण बेताने. हे दुसरं आठवड्यातून एकदा, उतार जास्त. तिसरंही आठवड्याचंच, पण दोन बाजूंनी काम करतं, बहुतेकांचं वजन त्याने सगळ्यात जास्त उतरतं. तिन्हींनी भूक मंदावते, तिन्हींनी सुरुवातीला मळमळू शकतं. म्हणून कुठलंही घेतलं तरी अगदी थोड्यापासून सुरू करायचं आणि पायरी पायरीने वर जायचं. घाई केली की शरीर हिसका दाखवतं.

“घरात कुणाला गळ्यातल्या थायरॉइडचा कर्करोग? स्वादुपिंडाला सूज कधी?”

“आमच्या घरात सगळे म्हातारपणाने गेले,” सासूबाई म्हणाल्या. “आणि एक चुलते भांडणाने.”

“मग तिन्हीतलं कुठलंही चालेल. तुम्हाला काय झेपेल ते बघा.”

सासूबाईंनी तिन्ही पेनं न्याहाळली. “रोज दारात उभा राहणारा पाहुणा मला नको. आठवड्याने येणारा असेल तर बघू. आणि ते दुहेरी आत्ताच कशाला? एकाने भागत असेल तर दोघांना जेवायला कशाला बोलवायचं?”

दुसरं ठरलं. नर्सबाईंनी तिथल्या तिथे पहिली सुई दिली. सासूबाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिल्या आणि “झालं? मला वाटलं अजून झाकणच काढताय,” म्हणाल्या.

हे सगळं कशासाठी, तर दोन गुडघ्यांसाठी. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म दिव्यावर धरून सांगितलं होतं की दोन्ही सांधे झिजलेत, बदलावे लागतील, पण या वजनावर मी ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही. आधी उतरवून या. आणि बस डेपोच्या कॅन्टीनच्या मॅनेजरने त्याच महिन्यात सांगितलं होतं, मावशी, तुम्ही आता शेगडीपाशी उभ्या राहू नका, काउंटरवर बसून कुपनं फाडा. तो चांगल्या मनानेच म्हणाला होता. सासूबाई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, “कुपनं काय, कुणीही फाडतं.”

माझा नवरा शाळेत जायच्या आधीपासून त्या कॅन्टीनची शेगडी त्यांच्या हातात आहे. पहाटेच्या गाडीचे ड्रायव्हर, रात्रपाळी संपवून आलेले मेकॅनिक, कंडक्टर, सगळे त्यांना मावशी म्हणतात. घरात त्या खुर्चीवरून उठताना टेबलाला धरतात, पण कॅन्टीनमध्ये भल्यामोठ्या पातेल्याला दोन्ही हातांनी पेलून कलंडवतात, हे मी पाहिलेलं आहे. ती शेगडी गेली असती तर त्यांचं काय राहिलं असतं, ते मला कुणी सांगायला नको होतं.

पहिला आठवडा झकास गेला. सासूबाईंनी पानातलं अर्धं तसंच ठेवलं आणि स्वतःच चकित होऊन बघत राहिल्या. “पोट भरलंय की. खोटं नाही सांगत,” म्हणाल्या. मी मात्र त्यांच्या मागे मागे. पोटात कळ येते का, पाठीत जाते का, पाणी पुरेसं पिताय का. शेवटी त्या म्हणाल्या, “अगं, तुला एक लेक आहे ना, तिच्याकडे बघ. मला दात येत नाहीयेत.”

पेन त्यांनी पहिल्याच दिवशी बरोबर डेपोत नेलं होतं. पुढच्या सुया आपण डेपोतच घेऊ म्हणाल्या. गुरुवारी कोठीची साफसफाई असते, तेव्हा दार लावून घेता येतं. शिवाय आमच्या फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालेलं, आणि लेक नुकतीच ते दार उघडायला शिकलेली. ती आतलं लोणी बाहेर काढून त्यावर बसायची. “इथे तुझी पोरगी ते पेन चघळेल. तिथे आमचा पक्का बंदोबस्त आहे,” सासूबाई म्हणाल्या. मला ते पटलं. सुई कशी टोचायची ते त्या नर्सबाईंकडून नीट शिकल्या होत्या, मी दोनदा करून दाखवायला लावलं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांची भूक परत आली. पहिल्यासारखीच. तिसऱ्या आठवड्यातही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धीर धरा, डोस वाढवू. वाढवला. नवीन पेन आलं. काहीच नाही. पुन्हा वाढवला. वजनकाट्याचा आकडा जागचा हलेना. मळमळ नाही, जळजळ नाही, काही नाही. मी मनातून खूश होते की त्रास तरी नाही. पण औषध घेऊन इतकं काहीच होऊ नये, याचीही मला काळजी वाटायला लागली. आमच्यासारख्यांना काळजीला कारण लागतं असं थोडंच आहे.

एका संध्याकाळी जेवताना माझा नवरा म्हणाला, “आई, रागावू नकोस. पण दिवसभर शेगडीपाशी उभी राहून चव बघतेस, ती चव केवढी असते? चमचाभर की वाटीभर?”

“चमचाभर.”

“किती चमचे?”

“लागतील तेवढे. मीठ बघायला नको? दीडशे माणसांच्या पोटाचा प्रश्न असतो.”

“नाही, म्हणजे सुई एकीकडे आणि चमचा एकीकडे असं चाललं असेल तर सुई तरी काय करणार?”

तो थट्टेच्या सुरात बोलला, पण थट्टा नव्हती ती. सासूबाई लेकीला भात भरवत राहिल्या. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “मी चोरून खात नाही रे.”

“मी कुठे म्हटलं चोरून?”

“नाही म्हटलंस. पण मी ऐकलं.”

त्यानंतर त्या घरात कमी जेवायला लागल्या. औषधाने नव्हे, मनाने. भूक आहे आणि पानावरून उठायचं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. एकदा दुपारी मी त्यांना आग्रह केला तर म्हणाल्या, “राहू दे. काटा खाली येईना, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. एवढी शिकलेली डॉक्टरीण, एवढं भारी औषध. खोट असली तर माझ्यातच असेल.” मी पाण्याचा पेला भरून दिला. मला दुसरं काय येतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. “काही जणांना एखादं औषध लागूच पडत नाही. दोष कुणाचा नसतो. आपण आता दुहेरीवर जाऊ. एरवी मी अगदी तळापासून सुरू करते. पण तुम्ही या औषधाच्या वरच्या डोसपर्यंत पोचलात आणि ढिम्म काही झालं नाही. तुमच्या शरीराला सवय आहे. मधल्या पायरीपासून घेऊ. उगाच महिने कशाला घालवायचे?”

सासूबाईंनी मान डोलावली. अलीकडे त्या कशालाही मान डोलवत होत्या.

दुकानात ते पेन नव्हतं, मागवावं लागलं. आलं ते नेमकं गुरुवारी सकाळी, सासूबाई कामावर गेल्यावर. मी घरी आणून माहितीपत्रक उघडलं. सगळ्यात खालच्या डोसपासूनच सुरुवात करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचार करूनच सांगितलं असणार, हे मला कळत होतं. तरी ती ओळ मी तीनदा वाचली. म्हटलं, निदान सुई घेताना आपण तिथे असावं. पेन थंड पिशवीत घातलं, लेकीला कडेवर घेतलं आणि डेपोत गेले.

कॅन्टीनच्या मागच्या दाराने आत शिरले. कांदा परतल्याचा वास, वाफ, बाहेर एका बसचं इंजिन सुरू करून ठेवलेलं, त्याची थरथर भांड्यांनाही. सासूबाई मोठ्या पातेल्यात सूप ढवळत होत्या. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत.

“आलीस? आणि ह्या साहेबीणबाई पण? ये गं. हे बघा माझं सामान आलं,” त्या खिडकीशी चहा घेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला म्हणाल्या. त्याने लेकीला हात दाखवला.

“आई, कोठीत चला. मी आहे तोवर घेऊन टाका.”

“थांब, जुनं तिथेच आहे, ते फेकायचंय ना? दोन्ही एका जागी असू देत.” त्यांनी हात पुसले, कोठीत शिरल्या आणि कोपऱ्यातल्या पेटीसारख्या लांबलचक डीप फ्रीझरचं झाकण वर केलं. गार धूर वर आला. वाटाण्यांच्या पिशव्या बाजूला सारून त्यांनी एक डबा काढला. डब्यात, स्वच्छ फडक्यात गुंडाळून, जुनं पेन. त्याच्यावर पांढरं दव जमलेलं.

मला आधी कळलंच नाही मी काय बघते आहे ते.

“आई, हे इथे असतं?”

“मग? सांगितलं नव्हतं का, पक्का बंदोबस्त. साध्या फ्रीजला इथे दिवसभर विश्रांती नाही. ह्याने दूध काढ, त्याने अंडी ठेव. कुणाचा हात लागेल सांगता येत नाही.”

“पण पहिल्या दिवसापासून?”

“दवाखान्यातून आणलं त्या दिवसापासून.” त्या माझ्याकडे असं बघत होत्या की हिला स्वयंपाकघरातलं कसं काहीच कळत नाही. “अगं, उद्याला लागायचं ते फ्रीजमध्ये, आठवड्याला लागायचं ते फ्रीझरमध्ये. सगळ्या कॅन्टीनचा कायदा आहे. ही सुई आठवड्याची. गुरुवारी सकाळी काढते, सूप चढवेपर्यंत पातेल्याशेजारी ठेवते, मऊ होतं. वाटाण्यांसारखंच.”

लेकीने फ्रीझरच्या काठावर हात ठेवला आणि गार लागल्यावर झटकन ओढून घेतला. मी थंड पिशवी छातीशी धरली. गोठवू नये. एकदा गोठलं तर वापरू नये. हे वाक्य मी तिन्ही माहितीपत्रकांत वाचलं होतं, आणि आमच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा एवढासा असल्यामुळे वाचून पुढे गेले होते.

“नवीन घेऊ नका,” मी म्हटलं. “आत्ता हात लावू नका. मी फोन करते.”

मागच्या दाराबाहेर जाऊन मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. इंजिनाच्या आवाजात त्यांना दोनदा सांगावं लागलं. फ्रीझर. हो, बर्फात. हो, प्रत्येक वेळी. हो, मग वितळवून.

त्यांनी आधी एवढंच विचारलं,

“दुहेरी टोचलंत का?”

“नाही. माझ्या हातात आहे.”

“तुम्ही आधी खाली बसा,” त्या म्हणाल्या. “मीही बसते.” मग त्यांनी शांतपणे सांगितलं. गोठलेलं औषध कामाचं राहिल्याची खात्री देता येत नाही. पहिली सुई दवाखान्यातली, ती खरी. त्यानंतर बहुधा त्यांच्या शरीरात औषध असं काही गेलेलंच नाही. म्हणजे सवय वगैरे काही नाही. मधल्या पायरीचं दुहेरी आज टोचलं असतं तर या वयात उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी कमी होऊन सलाइन, काहीही झालं असतं. “मी विचारायला हवं होतं, कुठे ठेवता म्हणून. फ्रीजमध्ये ठेवा म्हटलं की माझं काम झालं असं मला वाटतं. आज मला तुमच्या घाबरटपणाचे आभार मानायला हवेत.”

मी तिथल्या पायरीवर बसले. लेक मांडीवर. हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणीही. चहा संपवून निघालेला तो ड्रायव्हर थबकला. “काय झालं, ताई? वाईट बातमी?”

“नाही हो. एकदम चांगली.”

“मग असं तोंड का?”

“आमच्याकडे असंच असतं,” मी म्हटलं.

आत सासूबाई तशाच उभ्या होत्या, फ्रीझरचं झाकण मिटून, त्यावर हात टेकून. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या. मला वाटलं रागावतील, किंवा लाजतील. एवढ्या वर्षांचा त्यांचा कायदा, आणि तोच नडला.

“म्हणजे मी इतके महिने पाणी टोचून घेतलं.”

“जवळजवळ.”

“म्हणजे ते औषध वाईट नव्हतं.”

“नव्हतं.”

त्यांनी झाकणावरचं दव बोटाने पुसलं. मग हळूच म्हणाल्या, “आणि मीही नव्हते.”

त्यांनी पदराने डोळे टिपले, म्हणाल्या कांदा फार झालाय, आणि सूप बघायला निघून गेल्या.

घरी नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो उठला, कपाटातून हत्यारांची पेटी काढली आणि फ्रीजचं दार उतरवून बसला. नवीन रबर आणलं, बसवलं, वर लेकीला उघडता येणार नाही अशी कडी लावली. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या.

“तिरकी लागलीय,” त्या म्हणाल्या.

“नाही लागली.”

“मग माझी नजर तिरकी असेल.”

“आई,” तो स्क्रू आवळता आवळता म्हणाला, “मी त्या दिवशी बोललो ते...”

“कडी आवळ नीट,” त्या म्हणाल्या. “बोलणं राहू दे.”

तेवढ्यावर ते मिटलं. आमच्या घरात क्षमा अशीच मागतात आणि अशीच देतात.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तीनही पेनं पुढ्यात मांडली. म्हणाल्या, आता पाटी कोरी आहे. दुहेरी तळापासून घ्या, वजन जास्त उतरेल अशी शक्यता आहे. किंवा आधीचं आठवड्याचंच, तेही तळापासून. मी दुहेरीच्या बाजूने होते. आकडे मला पाठ होते.

“आधीचंच द्या,” सासूबाई म्हणाल्या. “त्या बिचाऱ्याला मी कामच करू दिलं नाही. आता त्याला नालायक ठरवून काढून टाकायचं हे बरोबर नाही.”

“औषधाला वाईट नाही वाटत हो, आई.”

“मला वाटतं.”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हसल्या. “चालेल. गुडघ्यांच्या डॉक्टरांना हवंय तेवढं याने उतरू शकतं. नाही उतरलं तर दुसरा रस्ता आहेच.”

यावेळी औषधाने काम केलं. पहिल्यांदा मळमळ झाली, चांगली दोन-तीन दिवस, आणि खरं सांगते, मला इतकं हायसं वाटलं की मी नवऱ्याला उठवून सांगितलं. सासूबाई बेसिनपाशी वाकलेल्या आणि मी मागे आनंदाने उभी. “माझी सून बघा,” त्या तोंड पुसत म्हणाल्या. “सासूला ओकारी आली की हिला बरं वाटतं.”

मग मळमळ ओसरली, आणि काटा उतरायला लागला. हळूहळू, पण न थांबता. ब्लाउजना आतून शिवण घालावी लागली. खुर्चीवरून उठताना टेबल लागेनासं झालं. मी एकदा विचारलं, शेगडीपाशी आता चव कशी बघता? त्या म्हणाल्या, “जिभेला सगळं कळतं अजून. फक्त घास मागत नाही ती. पूर्वी चमचा तोंडात गेला की आतून कुणीतरी म्हणायचं, आणखी. आता ते माणूस घर सोडून गेल्यासारखं झालंय.” बोलताना त्या हसत होत्या, पण थोडा वेळ हातातला चमचा तसाच धरून राहिल्या.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, कागद चाळले, आणि म्हणाले, “आता घेतो मी तुम्हाला. तारीख लिहा.” मॅनेजरने सांगितलं, मावशी, कुपनांची खुर्ची दुसऱ्या कुणाला देतो, तुम्ही बऱ्या होऊन शेगडीपाशी या. तोवर तुमच्या हाताखालची बाई सांभाळेल.

इस्पितळात दाखल व्हायच्या दिवशीही त्या सकाळी कॅन्टीनला गेल्या. मी त्यांना आणायला गेले तेव्हा दुपारची गर्दी ओसरत आली होती. शेगडी बंद, ओटा धुतलेला. आणि सासूबाई ड्रायव्हरांच्या लांब टेबलाशी, त्यांच्यात, ताट घेऊन बसलेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे उभंच पाहिलं होतं. समोरचा मेकॅनिक पाव बुडवून सूप खात होता, आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या, पूर्ण मन लावून.

“कसं झालंय?” त्यांनी विचारलं.

“नेहमीसारखं, मावशी.”

“नेहमीसारखं म्हणजे?”

तो घास थांबवून विचारात पडला. “म्हणजे अजून घ्यावंसं वाटतं.”

त्यांनी मान हलवली, आणि टेबलावरच्या भांड्यातला डाव उचलून त्याला आणखी वाढलं.

“आई, निघू या. चारला पोचायचंय,” मी म्हटलं.

त्यांच्या स्वतःच्या ताटातलं अर्ध्याहून जास्त तसंच होतं. त्यांनी त्यावर दुसरं ताट पालथं घातलं, कडा जुळवल्या, आणि ते ओट्याच्या आतल्या बाजूला, कुणाचा हात लागणार नाही असं सरकवून ठेवलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी खाईन.”

संध्याकाळी त्या इथे नसणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यांनी टेबलाला न धरता पिशवी उचलली, आणि आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो.